मधली जाळी

रस्तादुरुस्तीच्या टोळीत त्याला सगळे शिंपी म्हणत. सुईदोरा त्याने जन्मात हातात धरला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर तो मुकाट्याने बायकोपुढे जाऊन उभा राहायचा. पण रिंग रोडच्या जाळीला पडलेलं भोक बुजवावं तर त्यानेच. पक्कड आणि तारेचं वेटोळं घेऊन तो जाळीसमोर उकिडवा बसला, की थोड्या वेळाने तिथं कधी भोक होतं हे सांगूनही पटत नसे. तारेची टोकं तो आत वळवून दाबून टाकायचा, म्हणजे कोणाच्या बोटाला टोचू नयेत. "इथं हात लावायला येतंय कोण, तुझी सासू?" असं म्हणून मुकादम त्याची थट्टा करायचा. कोण येतं ते शिंप्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो हसायचा आणि वेळ मारून न्यायचा.

हा रिंग रोड नकाशावर फार देखणा दिसतो. शहराला मध्ये ठेवून चारी बाजूंनी फिरलेला, जिथून निघाला तिथंच परत येणारा. ज्यांना शहराशी काही देणंघेणं नाही त्यांनी बाहेरच्या बाहेर पुढं जावं, म्हणून तो बांधला. येणाऱ्या गाड्यांच्या तीन लेन, जाणाऱ्या गाड्यांच्या तीन लेन, मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढा दुभाजक आणि त्यावर जाळी. शिवाय दोन्ही कडांना माणसाहून उंच अशी आणखी जाळी. ज्याने कोणी तो कागदावर काढला त्याने कंपास फिरवला, आणि रेघेखाली कोणाची चूल आली हे पाहायची तसदी घेतली नाही. ज्यांची घरं रेघेखाली आली त्यांना निदान दुसरीकडे घरं तरी मिळाली. जे रेघेच्या अलीकडे पलीकडे उरले त्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांचं काही गेलेलंच नाही, असं साहेब लोकांचं म्हणणं होतं.

शिंप्याच्या घरचं काय गेलं ते असं. त्याच्या आईने आपली थोरली लेक दोन गल्ल्या सोडून दिली होती. एवढ्या जवळ कशाला दिलीस असं बायका विचारत, तेव्हा ती ऐटीत सांगे, "माझ्या उंबऱ्यात उभं राहिलं की तिचं दार दिसतं. मला आणखी काय पाहिजे?" पुढे त्या दोन गल्ल्यांच्या बरोबर मधून रिंग रोड गेला. आई आतल्या अंगाला राहिली, लेक बाहेरच्या अंगाला. दार दिसायचं बंद झालं. उंबऱ्यात उभं राहिलं की आता फक्त जाळी दिसायची आणि जाळीपलीकडे गाड्यांची टपं.

आता पादचारी पूल नव्हता असं नाही. होता, पण तो पार तिकडे बस डेपोच्या पुढे, जिथं ठेकेदाराला बांधायला सोयीचा गेला तिथं. त्या पुलाने यायचं म्हणजे अर्धी दुपार गेली. शिवाय चढायला जिना आणि उतरायला जिना. आणि ताईचे गुडघे तर आधीच गेलेले. ताई म्हणजे ही थोरली बहीण. एका वसतिगृहाच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची. आयुष्यभर ओल्यात उभं राहून तिने गुडघ्यांचं वाटोळं करून घेतलं होतं. पण तिच्या हातांना साबणाचा वास कायमचा चिकटलेला असे, आणि तोच वास पुढे आईच्या उपयोगी पडला.

कारण आईची आधी नजर गेली आणि मग हळूहळू आठवण जायला लागली. सून कोण, मुलगा कोण, हे घर कोणाचं, सगळं एकेक करून गेलं. उरली फक्त लेक. आई जेवायची ती लेकीच्या हातून. सुनेने घास पुढे केला तर ओठ घट्ट मिटायची, जबरदस्तीने भरवला तर थुंकून टाकायची. सून बिचारी वाईट वाटून घ्यायची, मग रागवायची, मग पुन्हा वाईट वाटून घ्यायची. ताई मात्र दुपारी यायची, पलंगावर टेकायची, आईच्या हनुवटीखाली हात धरायची आणि मऊ भाताचा घास पुढे करत म्हणायची, "घे, हा शेवटचा." पहिल्याच घासाला ती हे म्हणायची. दुसऱ्याला तेच, दहाव्यालाही तेच. आई दर वेळी फसायची आणि दर वेळी तोंड उघडायची.

"आलीस का पोरी? रस्त्याला त्रास नाही ना झाला?" आई रोज विचारायची.

"नाही गं. मला कसला त्रास."

"तेच तर. तुझा भाऊ आहे ना रस्त्यावर. मग मला काळजी नाही."

शिंपी तेव्हा घरी असला तर हे ऐकून दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. बहिणीसमोर डोळे ओले झालेले त्याला चालत नसत.

आईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्यांच्या घरासमोर रिंग रोडला एका ओळीत तीन भोकं होती: बाहेरच्या कडेच्या जाळीला एक, मधल्या जाळीला एक, आतल्या कडेच्या जाळीला एक. ती शिंप्याने पाडलेली नव्हती. पूर्वी बाहेरच्या बाजूला पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता, त्यातल्या कामगारांनी पाडलेली. कारखाना बंद पडला, कामगार पांगले आणि ती वाट ताईसाठी उरली. शिंपी टोळीत लागला तेव्हा त्या पट्ट्याची पाहणी त्याच्याकडे आली, आणि त्याने त्या तीन भोकांकडे साफ कानाडोळा केला. नुसता कानाडोळा केला असता तरी एक वेळ ठीक होतं. त्याने मधल्या भोकाच्या कडांना रबरी नळी चिरून बसवली, म्हणजे ताईची शाल अडकू नये. रस्त्यावरच्या सगळ्या भोकांचा जो शत्रू, त्याने या एका भोकाला असं नीट अस्तर लावून ठेवलं होतं. चूक होती का? होती. पण आईला उपाशी ठेवून ती दुरुस्त करायची कशी, हे मला कोणी सांगावं.

वाट ठेवली तशी त्याने ताईला ती चालायलाही शिकवली. आधी जाळीशी उभं राहायचं, नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, कान द्यायचा. पळायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्ये रेंगाळायचं नाही. दुभाजकावर उभं राहिलेलं माणूस पुढे पाय टाकेल की मागे हे गाडीवाल्याला कळत नाही, तो घाबरतो आणि भलतीकडे वळवतो. म्हणून मध्ये पोचलं की ताबडतोब भोकातून पार, आणि काही कारणाने पार जाता आलं नाही तर ताबडतोब परत.

"तू मला चालायला शिकवतोस काय रे बारक्या?" ताई हसायची. घरात त्याचं नाव बारक्याच होतं. "तुला चालायला कोणी शिकवलं विसरलास वाटतं."

"शिकवलंस म्हणूनच सांगतोय. मध्ये थांबायचं नाही. म्हण बघू."

"नाही थांबत बाबा. शपथ."

आता टोळीची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. भोकं बुजवायची ती आधी कडेची. दोन्ही कडा बंद झाल्या की मग मधलं. कडेची जाळी बंद असली तर माणूस रस्त्यावर येतच नाही, चार शिव्या घालतो आणि परत जातो. पण मधलं आधी बंद केलं आणि कडेचं उघडं राहिलं, तर माणूस सवयीने आत शिरतो, तीन लेन ओलांडून मध्यापर्यंत येतो, आणि तिथं त्याच्यापुढे भिंत. पाठीमागे गाड्या, पुढे जाळी, पायाखाली वीतभर जागा. हे टोळीतल्या नव्या गड्याला पहिल्या दिवशी सांगतात, आणि सांगायचं काम शिंप्याकडेच असे. तो ते असं तपशीलवार सांगायचा की ऐकणाऱ्याने दुभाजकाकडे बघत दोन पावलं मागे सरकावं.

मग एक दिवस वरून हुकूम आला. कोणीतरी बडी मंडळी रस्त्याची पाहणी करायला येणार होती. आठवड्याच्या आत रस्ता चकचकीत करा, रंग मारा, झाडलोट करा, एकही भोक दिसता कामा नये. मुकादम स्वतः सगळा रस्ता बघून आला आणि संध्याकाळी त्याने शिंप्याला बाजूला घेतलं.

"तुझ्या घरासमोर भोक आहे."

शिंपी पक्कड पुसत राहिला.

"नळी बिळी लावलीय. कोणाचं काम आहे ते मी विचारत नाही. माझेही डोळे फुटलेले नाहीत, इतकी वर्षं मी गप्प होतो. बहीण येते ना तुझी?"

"आई तिच्याच हातून जेवते, मुकादम."

"मला माहीत आहे रे." मुकादम खरंच वाईट माणूस नव्हता. "पण या वेळी माझ्या डोक्यावर बसतील. उद्या मधल्या बाजूची लेन बंद करायची परवानगी मिळालीय, पुन्हा मिळायची नाही. उद्या मधलं शिवून टाक. कडेची परवा सावकाश करू, त्याला लेन बंद करावी लागत नाही."

"आधी कडेची करायची ना?"

"अरे बाबा, परवानगी उद्याचीच आहे. मी काय करू? तिथून दिवसा तुझी बहीण सोडून दुसरं कुत्रंसुद्धा जात नाही. तिला सांग, उद्या येऊ नकोस म्हणावं. संपलं."

त्या दिवशी शिंपी घरी आला तेव्हा ताई अजून तिथंच होती. आई पलंगावर बसून खिदळत होती, कशाला ते तिलाच ठाऊक. ताईने शाल खांद्यावर टाकली आणि सुनेला म्हणाली, "उद्या मी येत नाही बरं का. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागलाय माझा. किती दिवस टाळत आलेय. उद्या तेवढं आईचं तू बघ."

शिंप्याला हायसं वाटलं. आपोआप सगळं जमून आलं होतं. उद्या ती येणार नाही, म्हणजे उद्या मधली जाळी शिवायला हरकत नाही, आणि संध्याकाळी पुलावरून तिच्या घरी जाऊन समोरासमोर सांगता येईल. आत्ताच सांगायचं त्याच्या जिवावर आलं. भोक कधी बंद होणार नाही असा शब्द त्याने तिला दिला होता, आणि आई इतक्या दिवसांनी हसत होती. बातमी वाईटच आहे, तर आजची संध्याकाळ तरी कशाला नासवायची, असा त्याने विचार केला. तो ताईला जाळीपर्यंत पोचवायला गेला. ती अलगद तीन लेन ओलांडून मधल्या भोकातून पार झाली, पलीकडे पोचल्यावर वळून तिने हात केला आणि दिसेनाशी झाली. तोंडातून शब्द काढायला त्याला भरपूर वेळ होता.

दुसऱ्या दिवशी ऊन अगदी डोळ्यांवर येत होतं. टोळीने बाहेरच्या अंगाची, दुभाजकाला लागून असलेली लेन बंद केली. पाठीवर बाणाची पाटी लावलेला ट्रक पुढे पुढे जातो आणि मागच्या पायरीवर बसलेला माणूस एकेक नारिंगी कोन खाली मांडत जातो. मग त्या कोनांच्या आडोशाला काम चालतं. शिंप्याने पहिल्यांदा रबरी नळी सोडवून काढली आणि ट्रकमध्ये टाकली. मग नवी जाळी लावली आणि टाके घालायला घेतले. हात सराईत, पण त्या दिवशी काम पुढे सरकेना. एकदा त्याने मान वळवून बाहेरच्या कडेच्या भोकाकडे पाहिलं. ते तसंच उघडं होतं. ट्रकमध्ये दोरी पडलेली होती. दोन वळसे दोरी बांधली असती आणि एखादं फडकं लटकवलं असतं तरी पुरे झालं असतं. पण त्यासाठी गाड्या चालू असलेल्या दोन लेन ओलांडाव्या लागल्या असत्या, मुकादम घाई करत होता, आणि ताई तर आज येणारच नव्हती.

काम संपलं. त्याने तारेची टोकं आत वळवली आणि वरून तळहात फिरवून पाहिला. कुठंही टोचलं नाही.

कोन उचलायचे ते उलट्या क्रमाने. शेवटी मांडलेला पहिला उचलायचा, ट्रक मागे मागे सरकवत न्यायचा आणि लेन पुढून मोकळी करत जायची. शिवलेली जागा शेवटच्या कोनांजवळ होती, म्हणून ती आधी मोकळी झाली. बंद लेनमुळे इतका वेळ गाड्या दाटीने, चिडचिडत, हळूहळू जात होत्या. मोकळा रस्ता दिसला की त्या बाणासारख्या सुटत. शिंपी मागच्या पायरीवर बसून कोन एकात एक रचत होता. तेवढ्यात ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"अरे, ती बाई बघ. आत्ता आपण जाळी लावली ना, तिथं."

शिंप्याने ट्रकच्या कडेने वाकून पाहिलं. शाल त्याने लांबूनच ओळखली.

झालं होतं ते असं, आणि हे सगळं नंतर कळलं. दवाखान्यात ताईच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, बुबुळं मोठी करणारं. त्यानंतर काही तास सगळं पांढरं, अंधुक दिसतं. घरचं कोणी न्यायला येईपर्यंत बसून राहा, असं तिला सांगितलं होतं. थोडा वेळ ती बसलीसुद्धा. मग तिथल्या बाईला म्हणाली, "माझी आई उपाशी असेल हो," आणि उठली. वाट पायाखालची होती. कडेच्या भोकाशी ती नक्कीच थांबली असणार, तिने कान दिला असणार. आणि कोनांमुळे गाड्या मागे तुंबल्या होत्या, मध्ये मध्ये रस्ता रिकामा पडत होता, म्हणून तिला मध्यापर्यंत यायला त्या दिवशी उलट सोपंच गेलं असणार.

ट्रकमधून शिंप्याला दिसलं ते एवढंच: ती दुभाजकावर जाळीकडे तोंड करून उभी होती आणि दोन्ही हातांनी जाळी चाचपत होती. ती नळी शोधत होती. थोडी डावीकडे सरकली, थोडी उजवीकडे सरकली. चुकीच्या जागी आलो असं तिला वाटलं असावं. तो पायरीवरून उडी टाकून धावत सुटला. "ताई, थांब! तिथंच थांब!" तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मागे ड्रायव्हर हॉर्न दाबत होता, आणि त्या आवाजात सगळंच बुडून जात होतं. तिचे हात एका जागी थांबले. नवे टाके तिच्या बोटांना लागले असणार, गुळगुळीत, कुठंही न टोचणारे. ते कोणाचे हे तिला कळलं असेल का, हा प्रश्न शिंप्याने पुढे स्वतःला किती वेळा विचारला असेल याला हिशेब नाही.

ती जाळीला पाठ लावून तशीच उभी राहिली असती, तर ट्रक तिच्यापुढे आणून आडवा उभा करता आला असता. एवढंच हवं होतं. पण मध्ये रेंगाळायचं नाही असं भावाने शिकवलं होतं, आणि तिने शपथ घेतली होती. ती वळली, मान कलती करून तिने कान दिला, आणि परत जायला पाऊल टाकलं. कोनांमधून सुटलेला एक टेम्पो पूर्ण वेगात आला.

शिंपी पोचला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुकादमाने आणि ड्रायव्हरने मिळून त्याला ओढून बाजूला केलं. कोन पुन्हा मांडावे लागले.

चौकशी झाली आणि लवकर आटोपली. पायी रस्ता ओलांडायला मनाई आहे, ते भोक बेकायदा होतं, टोळी तर ते बंद करायचंच काम करत होती, म्हणजे टोळीची चूक नाही. मुकादमाने आपल्या अंगावर काही येणार नाही असंच सगळं सांगितलं. शिंप्याला कोणी काही विचारलंच नाही. एका साहेबाने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमची काहीच चूक नव्हती हो." त्या हाताखालून शिंपी बाजूला सरकला. कोणीतरी दोन मुस्कटात दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ते काम दाजींनी केलं, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आणि तेही आवाज न चढवता. शिंपी पुलावरून त्यांच्या घरी गेला होता. दाजी म्हणाले, "तिला त्या दिवशी दिसत नव्हतं. तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं, दाजी."

"मग झालं तर," दाजी म्हणाले आणि आत निघून गेले. त्यानंतर ते या घराकडे कधी आले नाहीत, आणि शिंपीही त्यांच्याकडे गेला नाही.

कडेची दोन भोकं ताई गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद करायची होती. दुसरा गडी पाठवतो असं मुकादम म्हणाला, पण शिंपी स्वतःच गेला. दोन्ही भोकं त्याने एकट्याने शिवली. आणि या वेळी तारेची टोकं त्याने आत वळवली नाहीत. बाहेर काढून ठेवली, चांगली लांब, ज्याला हात लावायचा असेल त्याचा हात फाटेल अशी. मुकादम शेजारी उभा राहून बघत होता. त्याने थट्टा केली नाही.

ती बडी मंडळी ठरलेल्या दिवशी आली, काचा वर केलेल्या गाडीतून सबंध रस्ता फिरली आणि खूश होऊन गेली असं कळलं.

घरात मात्र आई जेवेना. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "पोरगी आली नाही?" शिंप्याने तिच्या पायाशी बसून खरं ते सांगितलं. ती ऊर फुटेस्तोवर रडली. मग दमून झोपली, उठली, आणि तोंड वळवून म्हणाली, "पोरगी आली नाही अजून?" दुसऱ्यांदा सांगायची हिंमत घरात कोणाला झाली नाही. येईल, येतेच आहे, असं म्हणत दिवस काढायचे. सुनेने सगळं करून पाहिलं. लाडीगोडी झाली, दटावणी झाली, चमच्याने दूध घालून झालं. दूध हनुवटीवरून ओघळायचं. आईचे गाल आत गेले, हाताच्या शिरा वर आल्या. डॉक्टर येऊन गेला आणि म्हणाला, पोटात अन्न गेलं पाहिजे, दुसरं औषध नाही.

"अहो, आता तुम्हीच बघा," बायको एका दुपारी म्हणाली. ती अगदी मेटाकुटीला आली होती. "माझ्याच्याने नाही होत."

त्या दिवशी शिंपी कामावर गेला नव्हता. तो उठून मोरीवर गेला. ताईने कधीतरी धुलाईखान्यातून आणलेली साबणाची वडी कोनाड्यात पडून होती. त्याने हात धुतले. तारेने चिरलेले, घट्टे पडलेले हात. त्यांना कितीही साबण लावला तरी ते कोणाच्या लेकीचे हात वाटणार नव्हते. त्याने पुन्हा धुतले. साबण चिरांमध्ये झोंबला, तरी तो चोळत राहिला. मग मऊ भाताची वाटी घेऊन तो आईजवळ पलंगावर टेकला, जिथं ताई टेकायची तिथं.

त्याने तिच्या हनुवटीखाली हात धरला. आईने नाक थोडं वर केलं आणि वास घेतला. ओठ अजून मिटलेलेच होते.

"घे," तो अगदी हळू म्हणाला. आवाज चढवायची त्याची छाती झाली नाही. "हा शेवटचा."

आईने तोंड उघडलं.

तिने तो घास सावकाश चघळला आणि गिळला. दाराशी उभ्या असलेल्या बायकोने तोंडाला हात लावला. शिंप्याने दुसरा घास उचलला. "हा शेवटचा." तोही गेला. इतक्या दिवसांत आईच्या पोटात पहिल्यांदा धड अन्न जात होतं, आणि ते आपल्या हातून जातंय याचा आनंद मानावा की डोकं आपटून घ्यावं हे त्याला कळेना.

"आलीस का पोरी?" आईने त्याचं मनगट पकडलं आणि चाचपलं. तिला काहीच वेगळं वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तिने ते मनावर घेतलं नाही. "किती दिवस लावलेस. रस्त्याला त्रास नाही ना झाला?"

आई उत्तराची वाट बघत होती, तिचे न दिसणारे डोळे शिंप्याच्या तोंडाकडे लागले होते.

"नाही," तो म्हणाला.

"तेच तर. तुझा भाऊ आहे ना रस्त्यावर," आई म्हणाली. "मग मला काळजी नाही."

तिने पुन्हा तोंड उघडलं आणि ती थांबून राहिली. बाहेर जाळीपलीकडे गाड्या एकीमागून एक जात होत्या. शिंप्याचा हात वाटीत तसाच राहिला होता. मग त्याने घास कालवला आणि पुढे केला.

"हा शेवटचा," तो म्हणाला. वाटीत भात अजून बराच होता.